बीज, नाम आणि निवडुंग : हौशी मंडळांच्या बीज-सूचीचा भाषादृष्ट्या विचार

१. प्रास्ताविक

ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि या दोहोंच्या मधल्या शीळफाट्याच्या आसपास ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत अंगण उरलेले नाही. उरला आहे तो सज्जा आणि खिडकीची जाळी. एवढ्याशा जागेत, थोड्या मातीवर आणि त्याहून थोड्या पाण्यावर जगणारी झाडे लोकांना आवडू लागली, यात नवल नाही. निवडुंगाच्या आणि तत्सम मांसल वनस्पतींच्या लहान कुंड्या आता सर्वत्र दिसतात. त्या बहुधा नर्सरीतून आणलेल्या असतात आणि त्यांना बहुधा नाव नसते. ‘कॅक्टस’ एवढेच विकणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणाऱ्यासही तेवढे पुरते.

परंतु ज्याला हा छंद पुढे न्यावयाचा आहे, तो काही काळाने बीजांकडे वळतो. बीजापासून वाढविलेले झाड स्वस्त पडते, स्थानिक हवेशी लहानपणापासून जुळते आणि त्यासाठी रानातील एकही झाड उपटावे लागत नाही. अशी बीजे मिळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे हौशी संग्राहकांच्या मंडळांनी चालविलेली बीज-वाटपाची व्यवस्था होय. या व्यवस्थेची माहिती करून देणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू भाषेच्या अभ्यासकाचा आहे. खसखशीएवढे काळे बी हातात आले असता ते कोणत्या जातीचे आहे, हे अनुभवी संग्राहकासही सहसा सांगता येत नाही. झाड ओळखण्याजोगे होण्यास दोन-तीन वर्षे, फुलास येण्यास कधी त्याहूनही अधिक वर्षे लागतात. तोवर त्या बीजाविषयी आपणांस जे काही ठाऊक असते ते केवळ पाकिटावरच्या नावातून. म्हणजे बीज मागविणारा खरे पाहता एक नाव मागवीत असतो आणि पुढे कित्येक वर्षे त्या नावावर विश्वास ठेवून चालतो. तेव्हा नाव कोणत्या प्रकारचे असावे, त्याने काय काय वाहून आणावे आणि आपल्या मराठी नामांचे या व्यवहारात स्थान कोणते, हे प्रश्न येथे आपोआप उद्भवतात.

२. ‘निवडुंग’ या शब्दाची व्याप्ती

आज आपण ‘कॅक्टस’ या शब्दाचा मराठी प्रतिशब्द म्हणून ‘निवडुंग’ असे सहज म्हणतो. परंतु कॅक्टस कुलातील वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील. या कुलातील रिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एकच जाती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका येथे नैसर्गिक अवस्थेत आढळते. बाकीच्या सर्व जाती, सोळाव्या शतकानंतर, माणसाच्या हातून जुन्या जगात आल्या. उलट महाराष्ट्रातील माळांवर व कुंपणांत वाढणारे काटेरी, चिकाचे झाड फार पूर्वीपासून येथलेच आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘स्नुही’ म्हणून येणारी आणि क्षारसूत्र तयार करताना जिचा चीक वापरतात ती वनस्पती युफोर्बिया वर्गातील आहे. ‘निवडुंग’ हा शब्द मूलतः या युफोर्बियांचा होय. तिधारी निवडुंग म्हणजे युफोर्बिया अँटिकोरम आणि शेर म्हणजे युफोर्बिया तिरुकल्ली. यांपैकी कोणतेही झाड वनस्पतिशास्त्रदृष्ट्या कॅक्टस नव्हे.

अमेरिकेतून ओपन्शिया आला तेव्हा मराठी भाषकाने नवा शब्द घडविला नाही किंवा परका शब्दही उचलला नाही. त्याने हाताशी असलेले नाम घेतले आणि त्याला विशेषण जोडले: नागाच्या फडेसारखी चपटी अंगे असलेला तो ‘फड्या निवडुंग’. हिंदीत त्याच प्रतिमेवरून ‘नागफनी’ झाला. तमिळमध्येही हीच प्रक्रिया घडलेली दिसते. तेथे युफोर्बियाचे जुने नाम ‘कळ्ळि’ आणि ओपन्शियाचे नवे नाम ‘चप्पात्तिकळ्ळि’, म्हणजे चपातीसारखी चपटी कळ्ळि. तीन भाषांत प्रतिमा वेगळी असेल, परंतु मराठी आणि तमिळ यांतील रचना तंतोतंत एक आहे: देशी जातिवाचक नाम आणि त्यापूर्वी आकारदर्शक पद.

ही केवळ आपल्याकडची रीत आहे असे मात्र समजू नये. ‘कॅक्टस’ हा शब्द ग्रीक ‘काक्तोस’पासून आला आणि थिओफ्रास्टसच्या काळी तो सिसिलीतील एका काटेरी, खाद्य झुडपास लावीत. अमेरिकेतील काटेरी वनस्पती युरोपात पोहोचल्यावर तो जुना शब्द त्यांच्याकडे सरकला आणि १७५३ मध्ये लिनिअसने त्यास प्रजातीचे नाम म्हणून पक्के केले. ‘ओपन्शिया’ या नामाचीही हीच कथा. ओपुस या ग्रीक नगराच्या परिसरातील एका वनस्पतीचे ते प्राचीन नाम आहे. म्हणजे पुण्याच्या शेतकऱ्याने ‘निवडुंग’ या शब्दाचे जे केले, तेच युरोपातील पंडितांनी ‘काक्तोस’ या शब्दाचे केले. भेद एवढाच की पंडितांनी पुढे त्या शब्दाची व्याप्ती नियमांनी बांधून टाकली आणि लोकभाषेने ती मोकळी ठेविली.

लोकभाषेतील ही मोकळीक दोषास्पद नाही. कुंपण कशाचे करावे, गुरे कशाला तोंड लावणार नाहीत, चीक डोळ्यांत गेल्यास काय होते, हे सांगण्यास ‘निवडुंग’ हा शब्द पुरेसा आहे. पुण्याच्या नाना पेठेतील देवस्थानास ‘निवडुंग्या विठोबा’ म्हणतात. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली अशी त्यामागील परंपरा आहे. तेथे तो निवडुंग तिधारी होता की फड्या, हे विचारण्याचे भाविकास कारण नसते. परंतु बीज मागविणाऱ्यास ते कारण असते.

३. एका नावाखाली दोन जाती : कोचिनीलचे उदाहरण

एक नाव अनेक जातींस लावल्याने प्रत्यक्ष व्यवहारात काय घडू शकते, याचे एक ठळक उदाहरण भारताच्या इतिहासात आहे. ओपन्शियावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. मेक्सिकोतील या रंगाचा व्यापार स्पेनच्या हाती होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो स्वतःच्या प्रदेशात उभारावयाचा होता. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून किडे कलकत्त्यास आणले. ते उत्तम रंग देणारे डॅक्टिलोपियस कोकस आहेत असे समजले गेले. प्रत्यक्षात ते डॅक्टिलोपियस सिलोनिकस या निकृष्ट जातीचे होते. रंगाचा उद्योग फसला. मात्र या किड्याने ओपन्शिया मोनाकँथा ही येथे पसरलेली जाती मोठ्या प्रमाणावर नष्ट केली.

यानंतर ओपन्शियाची दुसरी जाती, ओपन्शिया डिलेनी, दक्षिण भारतात व दख्खनमध्ये शेतजमिनी व्यापू लागली. हिच्यावर पहिल्या किड्याचा उपाय चालला नाही, कारण तो मोनाकँथावर जगणारा होता. १९२६ मध्ये श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा वेगळा किडा आणला गेला आणि थोड्या वर्षांत डिलेनी आटोक्यात आली. लोकांच्या दृष्टीने दोन्ही झाडे फड्या निवडुंगच होती आणि दोन्ही किडे कोचिनीलच होते. परंतु कोणता किडा कोणत्या झाडास खाईल, हे लोकनामावरून कळण्याजोगे नव्हते. जातीचे नेमके नाम हे पांडित्याचे भूषण नसून कामाचे साधन आहे, ही गोष्ट या प्रकरणावरून चांगली स्पष्ट होते.

४. हौशी मंडळे व त्यांची बीज-वाटपाची पद्धत

वनस्पति-उद्यानांनी एकमेकांकडे बीजांच्या याद्या पाठविण्याची पद्धत जुनी आहे. ‘इंडेक्स सेमिनम’ या लॅटिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या याद्यांतून उद्याने विनामूल्य अदलाबदल करीत आली. हौशी मंडळांनी हीच पद्धत आपल्या सभासदांसाठी उचलली. जर्मनीतील निवडुंग मंडळ १८९२ मध्ये स्थापन झाले. अमेरिकेतील मंडळ १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे निघाले. इंग्लंडमध्ये १९३१ पासून चालत आलेले एक मंडळ आणि नंतरचे दुसरे एक मंडळ एकत्र होऊन १९८३ मध्ये आजचे ब्रिटिश मंडळ झाले. याशिवाय केवळ मॅमिलेरिया या एका प्रजातीस किंवा रुईच्या गोत्रातील मांसल वनस्पतींस वाहिलेली लहान मंडळेही आहेत. भारतात या वनस्पतींचे मोठे सार्वजनिक उद्यान १९८७ पासून हरियाणातील पंचकुला येथे आहे.

कार्यपद्धती सामान्यतः अशी असते. सभासद आपापल्या संग्रहातील झाडांस धरलेली फळे पिकल्यावर बीजे काढून, गर धुऊन, सावलीत वाळवून आणि नावाची चिठ्ठी घालून मंडळाच्या बीज-व्यवस्थापकाकडे पाठवितात. व्यवस्थापक ती तपासतो, नावे प्रचलित नामपद्धतीशी ताडून पाहतो, संशयास्पद नोंदी वगळतो आणि वर्षातून एकदा यादी प्रसिद्ध करतो. सभासदाने त्या यादीतून आपल्या पसंतीच्या नोंदी क्रमाने कळवावयाच्या, आणि बीज संपल्यास चालतील असे काही पर्यायही द्यावयाचे. प्रत्येक पाकिटात थोडीच बीजे असतात व किंमत नाममात्र असते. अनेक मंडळांत ज्यांनी बीजे दिली त्यांना वाटपात अग्रक्रम मिळतो. या व्यवस्थेचा पाया विक्री नसून देवघेव आहे, ही तिची खरी खूण होय.

५. सूचीतील नोंदीची रचना

भाषेच्या अभ्यासकाने अशी एखादी बीज-सूची वाचावी. तिच्यातील प्रत्येक नोंद म्हणजे एक लहानसे, काटेकोर वाक्य असते. प्रथम प्रजातीचे व जातीचे लॅटिन नाम येते. मग उपजाती किंवा प्रकार. मग बहुधा एक-दोन अक्षरे व आकडा असा क्षेत्र-क्रमांक. आणि अखेरीस स्थळ. क्षेत्र-क्रमांक हा त्यातील सर्वांत मोलाचा भाग होय. एखाद्या संग्राहकाने विशिष्ट दिवशी, विशिष्ट डोंगरावर पाहिलेल्या झाडांच्या समूहास दिलेला तो क्रमांक असतो. मेक्सिकोतील अनेक निवडुंगांवर आजही अल्फ्रेड लाऊ किंवा स्टीव्हन ब्रॅक यांच्या आद्याक्षरांचे क्रमांक आढळतात. शास्त्रज्ञांनी जातीचे नाव बदलले, दोन जाती एक केल्या किंवा एकीच्या दोन केल्या, तरी क्रमांक बदलत नाही. नाम हे एका मताचे द्योतक असते. क्रमांक हा एका घटनेचा निर्देश असतो. तर्कशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर नामाला वर्णन चिकटलेले असते, क्रमांक मात्र केवळ बोट दाखवितो.

या संदर्भात एका भाषाशास्त्रज्ञाचा उल्लेख आवश्यक आहे. डेस्मंड कोल हे जोहान्सबर्ग येथील विटवॉटर्सरँड विद्यापीठात बांटू भाषांचे प्राध्यापक होते. त्यांचे त्स्वाना भाषेचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या भाषेच्या अभ्यासात ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. याच कोल यांनी पत्नी नॉरीन यांच्यासह दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील लिथॉप्स या दगडासारख्या दिसणाऱ्या मांसल वनस्पतींचा क्षेत्राभ्यास केला आणि एकेका स्थळाच्या समूहास क्रमांक देत सुमारे चारशे नोंदी केल्या. ‘लिथॉप्स : फ्लॉवरिंग स्टोन्स’ हा त्यांचा ग्रंथ १९८८ चा. आज लिथॉप्सची बीजे देणारी कोणतीही गंभीर सूची ‘कोल क्रमांका’वाचून पुरी होत नाही. १९९५ मध्ये त्यांनी सेत्स्वाना भाषेतील प्राणी व वनस्पती यांच्या नामांचा कोशही प्रसिद्ध केला. बोलीच्या अभ्यासात एखादे रूप कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून ऐकले याची नोंद केल्याखेरीज त्याला प्रमाण मानीत नाहीत. कोल यांनी हीच शिस्त वनस्पतींस लावली, असे म्हणण्यास हरकत नाही.

सूचीत आणखी एक सूचना क्वचित असते: बीज हाताने परागण करून मिळविलेले आहे की कीटकांच्या स्वैर परागणाचे आहे. निवडुंगांपैकी पुष्कळ जातींत एका झाडाचा पराग त्याच झाडास चालत नाही. संग्राहकाच्या गच्चीवर निरनिराळ्या देशांतील जवळच्या जाती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि मधमाशी कोठून कोठे जाईल याचा भरवसा नसतो. अशा फळातील बीजाची माता निश्चित असते, पिता अनिश्चित. पाकिटावर मात्र मातेचेच नाव लिहिले जाते आणि दोन-तीन पिढ्यांनंतर त्या नावाखाली भलतेच झाड वाढू लागते. म्हणून जाणता सभासद ‘हस्तपरागित’ असा निर्देश असलेली नोंद आधी निवडतो आणि स्वतः बीज पाठविताना फुलावर कागदी अथवा जाळीची पिशवी बांधून, कुंचल्याने पराग लावून, त्याच जातीच्या दोन झाडांचे मीलन घडवितो.

६. कायद्याचा आधारही नावच

बीज टपालाच्या पाकिटातून येते म्हणून ते नियमांच्या बाहेर आहे, असा एक गैरसमज रूढ आहे. तसे नाही. धोक्यात आलेल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा ‘साइटीस’ करार १९७५ पासून अंमलात आहे. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. जवळजवळ संपूर्ण निवडुंग कुल या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि काही प्रजाती व जाती अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. दुसऱ्या परिशिष्टातील निवडुंगांची बीजे सामान्यतः करारातून वगळलेली आहेत. मात्र मेक्सिकोतून निर्यात होणाऱ्या बीजांस ही सवलत नाही. पहिल्या परिशिष्टातील जातींच्या बीजांसही ती नाही. ॲस्ट्रोफायटम मायरिओस्टिग्मा व ॲस्ट्रोफायटम अस्टेरियास ही एकाच प्रजातीतील दोन झाडे. परंतु पहिले दुसऱ्या परिशिष्टात आणि दुसरे पहिल्या परिशिष्टात आहे. नामाच्या दुसऱ्या पदाने कायद्यातील स्थान बदलते.

याखेरीज भारतात परदेशी बीज आणण्यास २००३ चा वनस्पती-विलगीकरण आदेश लागू होतो. त्यानुसार आयातीचा परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकृत यंत्रणेने दिलेले वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक आहे. ज्या जातींचा आदेशाच्या परिशिष्टांत समावेश नाही, त्यांच्या बाबतीत किडी-रोगांच्या संभवाचा विचार आधी व्हावा लागतो. वैयक्तिक सभासदास दहा-वीस बीजांसाठी हा खटाटोप परवडत नाही. म्हणून येथील हौशी अभ्यासकांस दोन मार्ग सुचवावेसे वाटतात: एक, अनेकांनी मिळून संस्थेमार्फत रीतसर आयात करणे, दुसरा, आणि अधिक सोपा, देशातच पूर्वी आलेल्या व येथे फुलास येणाऱ्या झाडांची बीजे आपसांत वाटणे. फुलास आलेल्या एका जातीची दोन झाडे ज्या घरी आहेत, ते घर एक लहानसे बीज-केंद्र होऊ शकते.

या निर्बंधांमागे कारण आहे. जगातील निवडुंगांच्या जातींपैकी ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत आढळले. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरलेले हजाराहून अधिक निवडुंग पोलिसांनी जप्त केले. त्यांतील बरेचसे २०२१ मध्ये चिलीस परत पाठविण्यात आले. रानातील जुने झाड विकत घेणारा आणि मंडळाकडून बीज घेऊन चार वर्षे वाट पाहणारा, हे दोघेही स्वतःस छंदिष्ट म्हणवितात. परंतु एकाच्या छंदाने डोंगर ओसाड होतो आणि दुसऱ्याच्या छंदाने त्या डोंगरावरचा भार हलका होतो.

७. आपल्या हवेतील पेरणी

सूचीत आलेली पेरणीची माहिती बहुधा थंड देशांच्या अनुभवाची असते. तेथे उष्णता पुरविणे हा प्रश्न असतो. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तो प्रश्नच नाही. येथे प्रश्न आर्द्रतेचा व बुरशीचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात पेरलेली रोपे एका रात्रीत कोलमडतात. म्हणून पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पेरणी करणे बरे. जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले पानखत यांचे मिश्रण प्रथम वाफवून किंवा उकळते पाणी ओतून निर्जंतुक करावे. बीजे मातीत पुरू नयेत. पृष्ठभागावर पसरून वर बारीक खडीचा पातळ थर द्यावा. कुंडी पाण्यात ठेवून तळातून ओल चढू द्यावी आणि काचेने अथवा प्लॅस्टिकने झाकावी. बहुतेक जाती एक ते तीन आठवड्यांत उगवतात. त्यानंतर झाकण हळूहळू काढावे आणि कडक ऊन टाळावे. प्रत्येक कुंडीवर नाव, क्षेत्र-क्रमांक, बीज कोणाकडून आले ते आणि पेरणीची तारीख लिहावी. तेही शिसपेन्सिलीने, कारण शाई उन्हात उडते व नाव हरवले की त्या रोपाचे सर्व मोल हरवते.

८. सह्याद्रीतील मांसल वनस्पती व त्यांची नावे

आतापर्यंत मेक्सिको व आफ्रिका यांचा विचार झाला. परंतु ज्यांच्यासाठी परदेशातील संग्राहक उत्सुक असतात अशा काही मांसल वनस्पती आपल्या सह्याद्रीतच आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शिंदळ माकुडी होय. हिचे वर्णन डाल्झेल याने १८६५ च्या सुमारास केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. जुन्नर-शिवनेरीच्या बाजूच्या व सह्याद्रीतील इतर काही उभ्या कड्यांच्या भेगांत ती वाढते. तिच्या जवळच्या बहुतेक जाती पर्णहीन आहेत. हिला मात्र पावसाळ्यात मांसल पाने येतात आणि कोरड्या ऋतूत ती गळून जातात. फूल किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांचे. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाने जगातील बारा अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत तिची गणना केली.

या एका झाडाच्या नावांचा इतिहास उद्बोधक आहे. शास्त्रीय नाम फ्रेरिया इंडिका. पुढे ही प्रजाती स्वतंत्र मानू नये असे ठरल्यावर कॅरालुमा फ्रेरी. आणि अलीकडच्या वर्गीकरणात बाउसेरोसिया फ्रेरी. प्रजाती बदलली, विशेषणपदही बदलले. यांतील ‘कॅरालुमा’ हा शब्द रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्यावर नोंदविलेल्या ‘कारल्लम्’ या तेलुगू नामावरून रॉबर्ट ब्राउनने घेतला. काही पुस्तकांत त्याची अरबी व्युत्पत्ती दिलेली आढळते. परंतु मूळ नोंद तेलुगू असल्याने ती स्वीकारण्याचे कारण नाही. ‘तिरुकल्ली’ हे शेराचे विशेषणपद तर ‘हॉर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ या काळात निघालेल्या बारा खंडांच्या ग्रंथातून, म्हणजे पर्यायाने मलयाळी वैद्यांच्या तोंडून, लिनिअसकडे गेले. देशी नामांनी जागतिक नामावलीत प्रवेश केला आहे, तो असा. मात्र कोणीतरी ते नाम योग्य झाडाशी जोडून वेळीच लिहून ठेविले, म्हणूनच तो शक्य झाला.

मराठी नामाची गत काय आहे? शिंदळ माकुडी, शिंदळ माकडी, मांकुडी अशी त्याची रूपे निरनिराळ्या लेखनांत आढळतात. १९९८ मध्ये रानातून गोळा केलेल्या ज्या २९ वनस्पतींच्या निर्यातीवर भारत सरकारने निर्बंध घातले, त्या यादीत फ्रेरिया इंडिकापुढे तिचे मराठी नाव रोमन लिपीत छापले आहे. रोमन लिपीत ‘ड’ व ‘द’ यांचा भेद राहत नाही, ‘ळ’ चा ‘ल’ होतो आणि अनुस्वार कोठेही शिरतो. पुढचा लेखक ते रूप पुन्हा देवनागरीत आणतो तेव्हा एक नवेच नाव जन्मास येते. ज्या गावकऱ्यांच्या व धनगरांच्या तोंडी मूळ रूप आहे त्यांच्याकडून ते देवनागरीत, स्थळासह, नोंदविण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.

त्याच यादीत सेरोपेजिया प्रजातीही आहे. या प्रजातीच्या सेरोपेजिया पंचगणिएन्सिस, सेरोपेजिया सह्याद्रिका अशा काही जातींची शास्त्रीय नामेच मराठी भूगोल सांगतात. निसर्गप्रेमींच्या लेखनात या साऱ्यांना ‘कंदीलपुष्प’ म्हणतात. डोंगरातील लोक मात्र खरपुडी, हमण अशी नावे वापरतात आणि काही जातींचे कंद खातात. पहिले नाव फूल पाहणाऱ्याचे आहे; दुसरी नावे ज्यांचा झाडाशी कंदापासून परिचय आहे त्यांची आहेत. कंदीलपुष्प हे नाव सुंदर आहे, परंतु त्याने खरपुडीस विस्मृतीत ढकलू नये. कारण त्या नावाबरोबर कंद केव्हा खणावा, किती मागे ठेवावा, हे ज्ञानही जाते.

या वनस्पती रुईच्या गोत्रातल्या असल्याने त्यांच्या जोडशेंगांतून केसाळ झुपक्याची बीजे निघतात. रुईच्या ज्या बीजांना मुले ‘म्हातारी’ म्हणून फुंकर घालतात, तशीच. निवडुंगाचे बी थंड, कोरड्या जागी काही वर्षे टिकते. या बीजांची उगवणशक्ती मात्र लवकर घटते. म्हणून त्यांचे वाटप जवळच्या जवळ व ताजेच व्हावे लागते. परदेशी मंडळाकडे ती पाठविणे ही निरुपद्रवी देवघेव नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्ती वा संस्थेस भारतातील जैविक साधन संशोधनासाठी वा व्यापारासाठी मिळवावयाचे असल्यास चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते. राज्याच्या पातळीवर नागपूर येथे मंडळ आहे.

येथे अभ्यासकापुढे एक खरा पेच उभा राहतो. वर क्षेत्र-क्रमांकाचे व स्थळनोंदीचे महत्त्व सांगितले. परंतु दुर्मीळ झाडाचे नेमके स्थळ छापणे म्हणजे चोराच्या हाती नकाशा देणे होय, हा अनुभव अनेक देशांत आला आहे. म्हणून आज पुष्कळ सूचींत क्रमांक छापतात आणि तपशीलवार स्थळ संग्राहकाच्या अथवा संस्थेच्या दप्तरी ठेवतात. आपणही हीच तडजोड पत्करावी. तालुका छापावा, कडा छापू नये.

९. समारोप

एकंदरीत, बीज-व्यवहारात तीन प्रकारची नामे तीन वेगळी कामे करतात. लॅटिन नाम जगाशी बोलते आणि कायद्यापुढे उभे राहते, परंतु ते मतानुसार बदलते. क्षेत्र-क्रमांक काहीच वर्णन करीत नाही, परंतु मूळ स्थळाशी असलेला धागा तुटू देत नाही. लोकनाम एका भाषेपुरते व कित्येकदा एका खोऱ्यापुरते असते, परंतु झाडाशी माणसाचा संबंध काय हे तेच सांगते. या तिघांपैकी एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा धरली की घोटाळा होतो. ‘निवडुंग’ या शब्दावर बीज मागविणे जितके व्यर्थ, तितकेच लॅटिन नाव पाठ करून खरपुडी कळली असे मानणेही व्यर्थ.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस यातून करण्याजोगे एक निश्चित काम दिसते. ठाणे जिल्ह्यातील व सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून मांसल वनस्पतींची नावे गोळा करावीत. प्रत्येक नावासाठी एक पत्रिका करावी आणि तीत उच्चाराप्रमाणे देवनागरी रूप, सांगणाऱ्याचे गाव, झाडाचा उपयोग आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने निश्चित केलेली जाती एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. झाड उपटू नये, छायाचित्र पुरे. जी नावे अशी नोंदली जातील, ती उद्या कोणी येथील बीजांची देशी सूची करावयास घेईल तेव्हा लॅटिन नामाच्या शेजारी छापता येतील, आणि बीज पेरणाऱ्यास ते झाड ज्यांच्या डोंगरावरचे आहे त्या लोकांचा शब्दही त्या पाकिटातून मिळेल.